दुभाष्यांना संसर्गापासून आणि इतर धोक्यांपासून जपायला कसे शिकवावे?

अंत्रुजवासी यांचा प्रश्न

नमस्कार. फोंडा आणि वास्को या भागांत आमचा अकरा जणांचा एक लहान स्वयंसेवी गट सरकारी व खासगी रुग्णालयांत दुभाष्याचे काम करतो. सावंतवाडी-दोडामार्गकडून येणाऱ्या रुग्णांना आमची फारशी गरज लागत नाही, कारण त्यांची मालवणी आणि इथली कोंकणी एकमेकींना चांगल्या ओळखतात. खरी अडचण होते ती कन्नड, ओडिया आणि हिंदी भाषक मजुरांची. बांधकामावर, मासेमारीच्या ट्रॉलरवर आणि कारखान्यांत काम करणाऱ्या या माणसांसोबत एरवी मुकादम तरी येतो, नाहीतर शाळेत जाणारे पोर येते, आणि आईच्या अंगावरून जाण्याच्या तक्रारी दहा वर्षांच्या मुलाला डॉक्टरांना सांगाव्या लागतात. ते टाळावे म्हणून आम्ही हे काम सुरू केले.

मी भाषेची निवृत्त शिक्षिका आहे. रुग्ण 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचे, काही गाळायचे नाही, पदरचे घालायचे नाही, ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, हे सगळे मी या मंडळींना शिकवले. संसर्गाविषयी मात्र एक अक्षर शिकवले नाही, कारण दुभाषी कोणाला हात लावत नाही, तो फक्त बोलतो, अशी माझी समजूत होती. गेल्या मार्चमध्ये ती समजूत मोडली.

वास्कोकडची एक कन्नड भाषक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन बाह्यरुग्ण विभागात आली होती. आमची दुभाषी तिच्याशेजारी बाकावर बसली आणि नंबर येईपर्यंतची पाऊण तास तिच्याशी बोलत राहिली. मुलाला काय होते असे विचारल्यावर ती बाई दोनदा म्हणाली, 'अम्म आगिदे'. आमच्या मुलीचे कन्नड शेजारपाजारी ऐकून शिकलेले. 'अम्म' म्हणजे आई एवढेच तिला ठाऊक, म्हणून आईविषयी काहीतरी सांगते आहे असे समजून तिने ते सोडून दिले. आत गेल्यावर डॉक्टरांनी मुलाचा सदरा वर केला, तेव्हा पाठभर कांजिण्यांचे फोड दिसले. कन्नडमध्ये कांजिण्यांना 'अम्म' म्हणतात, जसे आपल्याकडची जुनी माणसे 'देवी आल्या' म्हणतात. भारतातून देवीचे उच्चाटन झाल्याचे १९७७ साली प्रमाणित झाले, त्यामुळे आज कोणी देवी म्हटले तर बहुधा कांजिण्याच समजायच्या, पण शब्द मात्र जुनाच चालू आहे. आमची मुलगी तेव्हा तीन महिन्यांची गरोदर होती. तिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्याचे तिच्या आईने फोनवर सांगितले, रक्ततपासणीतही प्रतिपिंडे आढळली, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात घर करून बसली आहे. त्या रांगेत आजाराचे नाव सर्वांत आधी दुभाष्याच्या कानावर पडले होते. डॉक्टरांना ते पाऊण तासाने कळले आणि परिचारिकेला त्याहूनही उशिरा. म्हणजे तो शब्द ओळखता आला असता, तर ती स्वतःही उठून बाजूला झाली असती आणि त्या मुलालाही गर्दीतून वेगळे बसवता आले असते.

पुढच्या महिन्यात अर्ध्या अर्ध्या दिवसाची दोन सत्रे घ्यायची आहेत. तेवढ्या वेळात नेमके काय शिकवावे? झगा, चष्मा, हातमोजे चढवण्या-उतरवण्याचे सगळे प्रकरण दुभाष्याला हवे का? आत जाऊ नये असे वाटले, तर थांबण्याचा अधिकार त्याचा की परिचारिकेचा? आणि संसर्गापलीकडचेही एक विचारायचे आहे. गेल्या पावसाळ्यात एक रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांनी आमच्या एका तरुणाला जिन्यात गाठले आणि 'तूच म्हणाला होतास की बरा होईल' म्हणून त्याची गचांडी धरली. अशा प्रसंगासाठी माणसाला आधी काय सांगून ठेवावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

बार्देशची सिस्टर

ताई, मी संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले. तुमचा प्रश्न वाचून पहिली आठवण झाली ती आमच्याच वॉर्डातल्या एका वाक्याची. सलाईन लावताना हात कमी पडला की आमच्यातलीच कोणी दुभाष्या मुलीला म्हणायची, 'बाय, मातशें हें धर गो', आणि ती बिचारी किडनी ट्रे धरून उभी राहायची. हातमोजे नाहीत, कोणी विचारत नाही, आणि मदत नाकारणे तिला उद्धटपणाचे वाटते. तेव्हा पहिल्या सत्रातले पहिले वाक्य हे असू द्या की दुभाषी काही धरत नाही, कोणाला उठवत-बसवत नाही, लहान मुलाचे पाय दाबून ठेवत नाही. 'मी बोलण्यासाठी आहे, दुसऱ्या सिस्टरना हाक मारते' हे उत्तर त्यांच्याकडून चार वेळा मोठ्याने म्हणवून घ्या, कारण तोंडात बसलेले नसले की ऐन वेळी ते सुचत नाही.

हात धुणे शिकवताना भिंतीवरचा तक्ता दाखवून थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेने हाताच्या स्वच्छतेचे पाच क्षण सांगितले आहेत, पण त्यांतले रुग्णाला स्पर्श करण्याचे, सुई टोचण्याचे वगैरे क्षण दुभाष्याच्या वाट्याला क्वचितच येतात. त्याच्या वाट्याला हमखास येतो तो पाचवा क्षण, म्हणजे रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यानंतरचा. हा माणसाच्या लक्षातच येत नाही, कारण त्याला वाटते की आपण कोणाला शिवलोच नाही.

म्हणून मी एक खेळ घ्यायची. शिगम्याचा उरलेला कोरडा गुलाल खाटेच्या कठड्यावर आणि पाण्याच्या बाटलीवर अगदी पातळ चोळायचा, एकाला रुग्ण करून खाटेवर झोपवायचे आणि दुभाष्याला दहा मिनिटे नेहमीसारखे संभाषण करू द्यायचे. गुलालाचे सांगायचे नाही. दहा मिनिटांनी आरसा पुढे धरायचा. एकदा एका मुलीच्या पेनाच्या टोपणावर, मोबाईलच्या मागे, कानाच्या पाळीवर आणि वरच्या ओठावर गुलाल निघाला. तिने विचार करताना पेन ओठाला लावले होते. त्यानंतर त्या मुलीला मी वॉर्डात कधी पेन चावताना पाहिले नाही.

दुसरा खेळ हात धुण्याचा. हातमोजे घालून त्यावर चमचाभर पोस्टर रंग ओतायचा, डोळे मिटायला लावायचे आणि नेहमीसारखे हात धुवायला सांगायचे. डोळे उघडल्यावर अंगठा, बोटांची टोके आणि बोटांच्या बेचक्या कोऱ्या राहिलेल्या दिसतात. तेवढे दिसले की व्याख्यान द्यावे लागत नाही. हातावर चोळायचे अल्कोहोलचे द्रावण २० ते ३० सेकंद चोळावे लागते, साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात. जुलाबाच्या रुग्णाकडून बाहेर आल्यावर मात्र साबण-पाणीच वापरायचे, कारण जुलाबाचे काही जंतू त्या द्रावणाला दाद देत नाहीत.

सामानाविषयीही बोला. दुभाषी वही घेऊन येतो आणि तीच वही पुढच्या रुग्णाकडे नेतो, तिथून घरी नेतो. वेगळ्या ठेवलेल्या रुग्णाच्या खोलीत सुटे कागद न्यावेत, काम झाल्यावर तिथल्याच पिवळ्या पिशवीत टाकावेत. त्यावर नाव-गाव लिहिलेले असेल तर ते आधी फाडून बारीक करावे, नाहीतर गुप्ततेचा भंग होतो. पर्स खाटेवर ठेवायची नाही. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून यायचे. मंगळसूत्र काढा म्हणून मी कोणाला कधी सांगितले नाही, ते आत घालून पिन लावायला सांगायची. ओढणीचे मात्र कमरेला गाठ मारल्याशिवाय भागत नाही, कारण वाकून ऐकताना तिचे टोक नेमके रुग्णाच्या अंथरुणावर पडते.

राहिला झगा आणि चष्मा. माझे मत असे की तो सगळ्यांना शिकवावाच, आणि तोही उतरवण्याच्या बाजूने. चढवताना चूक झाली तर परिचारिका सांगते, पण उतरवताना माणूस दारात एकटा असतो. आधी हातमोजे, मग हात स्वच्छ, मग चष्मा, मग झगा, आणि खोलीबाहेर आल्यावर सर्वांत शेवटी मास्क, तोही पट्ट्या धरून, पुन्हा हात स्वच्छ. घाई झालेला माणूस हमखास सर्वांत आधी मास्कला हात घालतो, कारण त्याचा जीव तिथेच गुदमरलेला असतो.

परतलेला दुभाषी

मी काही वर्षे इंग्लंडमध्ये, गोव्याहून गेलेल्या कुटुंबांसाठी कोंकणी आणि हिंदीचा दुभाषी म्हणून काम केले आणि आता मडगावला परत आलो आहे. तिथे रुग्णालयांत कोपरापर्यंत हात उघडे ठेवण्याचा दंडक २००७ सालापासून आला. तो खरे तर रुग्णाला हात लावणाऱ्यांसाठी, पण मलाही वॉर्डाच्या दारात बाह्या सारून घड्याळ खिशात टाकायची सवय लागली. सिस्टरांच्या म्हणण्याला माझा पाठिंबा आहे. फक्त दुभाष्याची जी खास अडचण आहे, तिच्याविषयी थोडे लिहितो.

आमची सगळी शक्ती ऐकण्यात जाते, आणि नीट ऐकू यावे ही गरज आणि स्वतःला जपावे ही गरज एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. पंखा घरघरत असतो, रुग्ण मास्कमधून पुटपुटत असतो, तर आपण नकळत पुढे वाकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे आपणच त्याला म्हणतो, 'जरा मास्क खाली करून बोला'. हे वाक्य मी स्वतः म्हटले आहे, म्हणून सांगतो. त्याऐवजी पंखा बंद करायला सांगणे, रुग्णाला हळू आणि तुकड्या-तुकड्यांत बोलायला सांगणे, ऐकलेले परत म्हणून खात्री करून घेणे, हे सगळे शिकवता येते आणि शिकवलेच पाहिजे. तुमच्या वर्गात दोघांना मास्क लावून, मोबाईलवर पंख्याचा आवाज मोठ्याने लावून औषधाच्या मात्रा भाषांतरित करायला द्या. पंधरा आणि पन्नास यांत इंग्रजीत किती गोंधळ होतो ते पाच मिनिटांत दिसेल. आकडा आला की एकेक अंक वेगळा म्हणायचा, ही सवय तिथेच लावा.

उभे कुठे राहायचे हेही ठरलेले असावे. रुग्णाच्या खांद्याच्या रेषेत, किंचित मागे, म्हणजे रुग्ण डॉक्टरांकडे पाहून बोलतो आणि त्याचा खोकला दुभाष्याच्या तोंडावर येत नाही. ही जागा मुळात रुग्ण-डॉक्टर संवादासाठी सुचवली जाते, पण तिचा हा दुसरा फायदा मला फार उशिरा उमगला. आणि जिथे मनुष्य आत जाण्याची गरजच नाही तिथे फोन वापरावा. ऑस्ट्रेलियात टेलिफोनवरून दुभाष्याची सरकारी सेवा १९७३ साली सुरू झाली, म्हणजे ही काही महासाथीत सुचलेली युक्ती नव्हे. खोलीतला फोन लाऊडस्पीकरवर ठेवून दारातून काम करणे फोंड्यातही जमेल. खाणाखुणांच्या भाषेच्या दुभाष्याला मात्र हे चालत नाही, त्याला चेहरा दिसावा लागतो, आणि त्यासाठी पारदर्शक खिडकीचा मास्क मिळतो.

आता त्या जिन्यातल्या प्रसंगाविषयी. वाईट बातमी नातेवाइकांच्या कानावर पडते ती दुभाष्याच्या आवाजात. शब्द डॉक्टरांचे असतात, पण ते त्यांच्या भाषेत उच्चारणारा चेहरा आपला असतो, म्हणून राग आपल्याकडे वळतो. त्यातून आपण त्यांच्याच मुलखाचे वाटतो, म्हणून विश्वासघात झाल्यासारखेही त्यांना वाटते. यावर मी तीन सवयी लावून घेतल्या होत्या. गंभीर बोलणे होणार असेल तर आत शिरतानाच दाराजवळची जागा घ्यायची आणि आपल्यामध्ये व दारामध्ये कोणाला येऊ द्यायचे नाही. डॉक्टर बाहेर पडले की त्याच पावली आपणही बाहेर पडायचे, नातेवाईक 'जरा थांबा, नीट सांगा' म्हणाले तरी एकट्याने थांबायचे नाही, कारण तिथे आपण जे बोलू ते डॉक्टरांच्या नावावर नसते. तुमच्या तरुणाने बहुधा याच क्षणी दिलासा म्हणून काहीतरी स्वतःचे म्हटले असणार, मी त्याला दोष देत नाही, मीही म्हणालो आहे. तिसरे म्हणजे स्वतःचा फोन नंबर कोणाला द्यायचा नाही, संपर्क गटाच्या क्रमांकावरूनच व्हावा.

रात्रीच्या बोलावण्याचाही आधी विचार करा. अपघात विभागातून अकरा वाजता फोन येतो, काम एक वाजता संपते आणि कदंबाची शेवटची बस कधीच गेलेली असते. नेण्या-आणण्याची सोय कोण करणार हे ठरल्याशिवाय रात्रीचे काम घ्यायचे नाही, असा नियम गटाने लिहून ठेवावा. तो दुभाष्याच्या भिडेवर सोडू नये. ११२ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये हाताशी असावा, हे सांगायला नकोच.

छातीचा डॉक्टर

चर्चा चांगली चालली आहे, पण सिस्टरांशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. अर्ध्या दिवसात झगा-चष्म्याचे नाटक शिकवलेत, तर तेच लक्षात राहील आणि एन-९५ मास्क नीट बसवणे राहून जाईल. तुमच्या दुभाष्यांना झगा वर्षातून दोनदा लागेल. क्षयरुग्ण मात्र त्यांना दर आठवड्याला भेटतो, आणि पुष्कळदा निदान होण्याच्या आधी भेटतो.

मी पाहिलेला एक प्रसंग लिहितो. हिंदीसुद्धा धड न येणारा एक ओडिया मजूर, महिनाभर खोकला. त्याला बेडक्याचा नमुना द्यायला सांगायचे होते. दुभाष्याने 'थुंकी द्या' एवढेच सांगितले, त्याने डबीत लाळ भरून दिली आणि नमुना बाद झाला. दुसऱ्या वेळी दुभाष्याने मनापासून समजावले, खोल श्वास घ्या, छातीच्या तळातून खाकरा, आणि ते करून दाखवण्यासाठी तो त्याच्यासमोर हातभर अंतरावर बसला. खोली लहान, पाऊस म्हणून खिडक्या मिटलेल्या, वर वातानुकूलन यंत्र चालू. त्या माणसाने सांगितल्याप्रमाणे खाकरले. दुभाष्याच्या नाकाखाली कापडी मास्क होता.

इथे एकही चूक वाईट हेतूची नाही, पण प्रत्येक टाळता आली असती. भिंतीवरचे यंत्र खोलीतलीच हवा थंड करून परत सोडते, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, त्यामुळे गार वाटणारी खोली सुरक्षित असेलच असे नाही. क्षयाचे जंतू ज्या सूक्ष्म कणांतून पसरतात ते काही तास हवेत तरंगत राहू शकतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो, म्हणजे 'रुग्ण आता इथे नाही' हे समाधान पुरेसे नसते. बेडक्याचा नमुना उघड्यावर, इतरांपासून दूर घ्यायचा असतो. दुभाष्याने आधी सगळे समजावून सांगावे, लाळ आणि बेडका यांतला फरक त्या भाषेतल्या नेमक्या शब्दाने स्पष्ट करावा, आणि मग रुग्णाला एकट्याला डबी घेऊन बाहेर पाठवावे. खाकरताना त्याला दुभाष्याची काही गरज नसते.

मास्कविषयी थोडक्यात. साधा शस्त्रक्रियेचा मास्क रुग्णाने लावायचा, त्याच्या तोंडातून उडणारे तुषार अडावेत म्हणून. खोलीत जाणाऱ्याने एन-९५ लावायचा, जो ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण कडेने हवा शिरत नसेल तरच. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबायची, दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात फुंकर मारायची आणि कडेने वारा लागतो का ते पाहायचे. लागला तर पुन्हा बसवायचा.

लसींची चौकशी सत्राच्या आधीच करा. कावीळ-बीची लस तीन मात्रांत, सुरुवातीला, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी घेतात, आणि शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी १० mIU/mL किंवा अधिक आली म्हणजे ती लागू पडली असे समजतात. गोवर आणि कांजिण्या येऊन गेल्या का, किंवा त्यांची लस झाली का, हे प्रत्येकाला विचारून लिहून ठेवा. ज्या गर्भवतीला कांजिण्या येऊन गेलेल्या नाहीत तिचा असा संपर्क आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे, कारण काही उपाय ठराविक दिवसांच्या आतच करता येतात. कांजिण्या संपर्कानंतर १० ते २१ दिवसांनी दिसतात, आणि फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून त्या पसरू लागतात, म्हणून प्रत्येक दुभाष्याने तारीख आणि विभाग यांची नोंद ठेवावी. रुग्णाचे नाव लिहायचे नाही.

सुईविषयी एवढेच की दुभाष्याने अंथरुणावर हात टेकवून वाकू नये. तरीही सुई टोचलीच तर बोट पिळायचे नाही, तोंडात घालायचे नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे आणि लगेच विभागप्रमुखांना सांगायचे. एचआयव्हीचा संसर्ग होण्याचा धोका अशा टोचण्यात सुमारे ०.३ टक्के असतो, आणि प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. लाजेखातर दोन दिवस गप्प बसलेला दुभाषी मी पाहिला आहे, म्हणून हे ठासून सांगतो.

आणि अधिकाराचा प्रश्न. दारात थांबून 'या खोलीत मला काय लावावे लागेल?' असे विचारणे हा प्रत्येकाचा अधिकार आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत आत न जाणे हाही. आत कोणती खबरदारी लागते हे परिचारिका ठरवते, पण प्रश्न विचारण्यासाठी दुभाष्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

सत्तरीचा

वाळपईकडचा आहे, आरोग्य सर्वेक्षणात दुभाष्याचे काम केले आहे. एक उलटी बाजू मांडतो. आमच्याकडे सत्तरीत २०१५ साली माकडतापाची लागण झाली, तेव्हा दुभाषी लोक रुग्णाच्या खाटेपासून दहा हात लांब उभे राहायचे. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. तीच माणसे काजूच्या बागेत मजुरांशी बोलायला जाताना मात्र अर्ध्या विजारीत पालापाचोळ्यावर बैठक मारायची. धोका बागेत होता आणि भीती वॉर्डात होती. लेप्टोचे आणि डेंगूचेही तसेच, शेजारी बसल्याने होत नाहीत.

म्हणून आजारांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा 'हा कशातून येतो' हा एकच प्रश्न विचारायची सवय लावा. श्वासातून, हातातून, रक्तातून, की किड्यातून. एचआयव्हीच्या रुग्णासमोर दुभाषी विनाकारण हातमोजे चढवून आला, तर तो रुग्ण पुढचे खरे काही सांगत नाही, आणि शेजारच्या खाटेवरच्यांना जे कळू नये ते न बोलता कळते. २०१७ च्या कायद्याने ही माहिती गुप्त ठेवायची असते, आणि हातमोज्यांनीही ती फुटू शकते हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

अंत्रुजवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर आणि डॉक्टर यांच्या मतभेदात मी तूर्त डॉक्टरांच्या बाजूने झुकते आहे. पहिल्या सत्रात मास्क, हात आणि दारातला प्रश्न, दुसऱ्यात जिना, रात्रीची बस आणि उरलेल्या वेळेत झगा उतरवणे, असे ठरवते. गुलालाचा खेळ मात्र पहिल्या पंधरा मिनिटांतच घेणार.

दुसरे एक काम आजच सुरू केले. आमच्या अकरा जणांकडून त्यांच्या त्यांच्या भाषेत कांजिण्या, गोवर, क्षय, कावीळ, खरूज आणि जुलाब यांना घरात काय म्हणतात ते लिहून मागवले आहे. पुस्तकातला शब्द नको, आजी जो वापरते तो हवा, असे बजावले आहे. कन्नडच्या स्तंभात पहिला शब्द 'अम्म' लिहिला. जो शब्द ऐकल्यावर उठून परिचारिकेला सांगायचे त्यापुढे तांबडी खूण करणार आहे. डॉक्टरांनी ही यादी एकदा नजरेखालून घालावी, अशी विनंती आहे.

एक शंका राहिली. आमच्यातला एक ओडिया दुभाषी व्रत म्हणून दाढी राखतो. त्याचे एन-९५ चे काय करावे?

छातीचा डॉक्टर

यादी जरूर पाठवा. खोकल्याबरोबर 'रात्री घाम येतो' आणि 'कपडे सैल झाले' यांनाही त्या त्या भाषेत काय म्हणतात ते जोडा, क्षयाचा रुग्ण आजाराचे नाव घेत नाही, हेच सांगतो.

दाढीवर एन-९५ नीट चिकटत नाही, कडेने हवा शिरतेच, त्यामुळे त्याने तो लावला काय आणि न लावला काय, फरक थोडाच. व्रत मोडायला सांगू नका. क्षयाच्या आणि गोवराच्या खोलीतले काम त्याने फोनवरून करावे, बाकी सर्व कामे नेहमीप्रमाणे.

बार्देशची सिस्टर

डॉक्टर म्हणतात ते मान्य, झगा दुसऱ्या सत्रात चालेल. पण ताई, शेवटची पंधरा मिनिटे म्हणून ठेवू नका, लोक तेव्हा बस गाठायच्या घाईत असतात, आणि मास्कला आधी हात नेमका त्याच घाईत जातो. चहाच्या आधी घ्या. मी म्हापशाहून येऊ शकते, जुने झगे माझ्याकडे आहेत. गुलाल कोरडाच आणा, ओला रंग कठड्यावर राहतो आणि मग साफ करायला मलाच बसावे लागते.